ताठ झालेली नळी

खारी गावाभोवती तेव्हा इमारती उठू लागल्या होत्या, तरी संध्याकाळी मिठागरांवरचा वारा अजून घरात पोचायचा. दोन हजार चार-पाचचा तो काळ. सरूबाई रोज सकाळी स्टीलची डबी उकळून घ्यायची. तिचा अमोल भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होता, डबी त्यानेच आणलेली. सून संचिता दूध काढून देई आणि सरूबाई ते नर्सिंग होममध्ये नेई. महिने भरायच्या आधीच झालेला नातू तिथे काचेच्या पेटीत होता. नाकातून पोटात गेलेल्या बारीक नळीतून त्याला दूध मिळे.

"आई, आज मी येऊ?" संचिता विचारायची.

"बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाय. तुझ्या आईनं शिकवलं नाय काय?"

"डॉक्टरीणबाई बोलवतायत."

"त्यांचं बोलायला काय जातंय. वारा लागून कंबर धरली, तर त्या येणारेत काय शेकायला?"

संचिता डबीचं झाकण लावून द्यायची. सरूबाई वाईट नव्हती. तिच्या वेळच्या सगळ्याच बाळंतिणी अशा कोंडलेल्या, आणि कोंडणाऱ्या बाईला ती मायाच वाटायची. दूध तर ती प्लास्टिकच्या डब्याला शिवू देत नसे. वास लागतो, म्हणायची.

एका सकाळी नर्स नळी बदलत होती. नवी नळी तिच्या बोटांवरून दोऱ्यासारखी लोंबत होती. काढलेली मात्र ताठ. सरूबाईने ती उचलून वाकवली, तर परत सरळ झाली.

"सिस्टर, ये कडक कैसा हुआ? डालते टाइम नरम था ना."

"सबका होता है, मौसी."

"पर नरमपना गया किधर?"

नर्सने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाई खुर्ची ओढून बसल्या.

"हे प्लास्टिक मुळात कडकच असतं, आजी. मऊ व्हावं म्हणून त्यात रसायन घालतात. ते हळूहळू सुटतं. दुधात तूप असतं ना, त्यामुळे जास्तच."

"म्हणजे त्याच्या पोटात?"

"थोडं जातं. इतक्या लहान बाळांना, मुलग्यांना तर विशेष, ते बरं नाही असं अभ्यासक म्हणतात. त्याविना बनलेल्या नळ्या असतात, पण आमच्याकडे अजून येत नाहीत. नळी घातली नसती तर तो उपाशी गेला असता. पण आता तो चोखायला बघतोय. अंगावर प्यायला लागला की नळीच नको. म्हणून तर आईला बोलवतेय."

सरूबाईने ती नळी मागून घेतली, धुतली आणि पदराला बांधून घरी आली. संचिता भिंतीला टेकून बसली होती.

"चप्पल घाल. डोक्याला स्कार्फ बांध."

शेजारची चंपा दारातून म्हणाली, "सरू, सुवेरातच? लोक काय म्हणतील?"

"लोकांचा नातू नाय तिथे."

संचिताने त्या दिवशी मुलाला पहिल्यांदा हातात घेतलं. त्याने नुसतं तोंड लावलं, जरासं ओढलं आणि दमून झोपला. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त प्याला. नळी निघायच्या बेतात असताना त्याला ताप भरला, आणि तो गेला.

"त्या नळीनं?" अमोलने विचारलं.

"जंतूंनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळीनं काय केलं ते मला सांगता येणार नाही. इथे कोणी तपासतच नाही."

घरी संचिताचं दूध थांबत नव्हतं, ब्लाउज भिजायचा. एकदा एवढंच म्हणाली, "आई, आधी नेलं असतंत तर माझ्या अंगाशी थोडा जास्त राहिला असता." सरूबाई भाकरीचं पीठ मळत होती. मळून झालं तरी मळत राहिली.

पावसाळा सरल्यावर चंपाची सून दिव्या बाळंत झाली. तिचंही बाळ पेटीत ठेवावं लागलं. चंपा डबी मागायला आली.

"उसनी दे गो, दूध पोचवायचंय. दिव्या सव्वा महिना घरातच."

सरूबाई फडताळाकडे गेली. डबी घासून पालथी ठेवलेली होती. तिने ती घेतली नाही. डबीमागे हात घालून जपून ठेवलेली नळी काढली आणि चंपाच्या तळहातावर ठेवली.

"वाकवून बघ."

चंपाने वाकवली. नळी सरळ झाली.

"आईनं अंगावर पाजलं की ही लवकर निघते. आता सुनेला उठव," सरूबाई म्हणाली. "मी रिक्षा बघते."