रोनक कोट्याला आहे

रोनक कोट्याला आहे, असं सांगायचं आमच्या घरात ठरलं होतं. होता तो जळगावातच, बापाच्या घरी, वरच्या मजल्यावर, आतून कडी लावून. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन कोट्याच्या क्लासमधून गुपचूप परत आला, तेव्हा त्याचा बाप, माझा धाकटा भाऊ सोहनलाल, म्हणाला, मुस्कानचं जमेपर्यंत कुणाला कळता कामा नये. मुस्कान ही रोनकची मोठी बहीण. धुळ्याच्या डाळमिलवाल्यांचं स्थळ तिला सांगून आलं होतं.

मी फैजपूरहून गुडघे दाखवायला आलेली. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. पोराला बाहेर हिंडवा, कुणा डॉक्टरला दाखवा, निदान त्याच्याशी बोला तरी, असं मी दहादा सांगितलं. ताट दाराशी ठेवायचं, आणि अर्ध्याहून जास्त तसंच खाली यायचं. सोहन म्हणाला, जीजी, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ झाकतात रे, लेकरू झाकत नाहीत," मी म्हटलं. भावजय, कुसुमलता, पदरानं डोळे पुसत राहिली.

रोनक लहानपणी फैजपूरला आला की दारामागं लपायचा. मी विचारायचे, आत कोण आहे? तो ओरडायचा, वाघ! मग भुवानं, म्हणजे मी आत्यानं, घाबरून पळायचं, हा आमचा नेमच. इथंही मी रोज दाराशी जाऊन तेच विचारायचे. सुरुवातीला आतून "जा ना भुवा" एवढं तरी यायचं. पुढं तेही बंद झालं.

रविवारी धुळ्याची मंडळी आली. रोनकला सकाळीच बजावलेलं, पंखा लावू नको, नळ सोडू नको, खोलीत फिरू नको. ऑक्टोबरातलं जळगाव ते, पंख्याशिवाय माणूस भाजून निघतं. आणि खाली आम्ही कूलरपुढं बसून शेव-बर्फी खातोय! पाहुण्यांनी रोनकची चौकशी केली. सोहन म्हणाला, अभ्यासापुढं त्याला तहानभूक सुचत नाही, या खेपेला नंबर लागणारच. मुलाच्या आईनं फार कौतुक केलं. स्थळ पसंत झालं, पेढे वाटले. मी माझा पेढा हातातच ठेवला.

पाहुणे निघाले तसा तोच पेढा घेऊन मी जिना चढले. दारावर टकटक केली.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही, भुवा."

आवाज अगदी शांत होता. रडवेला असता तर मी इतकी घाबरले नसते. तशीच गॅलरीत आले. खाली मंडळी चपला घालत होती.

"ऐका हो," मी मोठ्यानं म्हणाले, "रोनक कोट्याला नाही. नापास झालाय. इथंच आहे, वर, आपल्या घरात."

मुस्काननं वर माझ्याकडं पाहिलं, ते मला जन्मभर विसरता यायचं नाही. धुळ्याची गाडी निघून गेली. सोहन अंगणातूनच म्हणाला, जीजी, तू आजच फैजपूरला जा. जाईन, म्हटलं. पण आधी परत त्या दाराशी जाऊन खाली बसले. गुडघे ठणकत होते.

"आत कोण आहे रे?"

मग पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

"मी," तो म्हणाला.

कडी काही निघाली नाही. मी तिथंच बसून राहिले.