शनिवारचा भोंगा

"काका, त्या दिवशी भोंगा वाजलाच नव्हता, हे खरं का?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज तुरतुरीच्या मैत्रिणींनी तिच्याशी लावली होती. आता त्या गावाच्या सभागृहाच्या दाराआड एकमेकींना चिमटे काढत होत्या. जेवणाच्या रांगेतली माणसं मात्र वळून बघू लागली.

मित्रांनो, प्रश्न माझ्याबद्दल होता. मी एक जुना भोंगा आहे. याच सभागृहाच्या छपरावर चार लोखंडी पायांवर उभा आहे. कारखान्यात मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला. डोंगरावर वणवा लागला तर गावाला सावध करायचं, एवढंच माझं काम.

पण वणवा काही रोज लागत नाही. मला गंज चढू नये म्हणून सभागृहाचे राखणदार काका दर शनिवारी ठीक बाराला मला मिनिटभर वाजवायचे. बावीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही. लोक माझ्यावर घड्याळं लावायचे. तान्ही बाळं दचकायची आणि त्यांच्या आया मला शिव्या घालायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते कौतुकच वाटायचं! सगळं गाव आपल्या तालावर चालतं, अशा तोऱ्यात मी होतो.

आणि वणवा आला तो नेमका शनिवारी, बाराला पाच कमी असताना.

धूर दिसताच काकांनी बटण दाबलं. मी जीव तोडून ओरडलो. खाली वाणी हसला, "काकांचं घड्याळ आज पुढे पळालं वाटतं!" डोंगराकडच्या आळीत तुरतुरीची आत्या स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे करत होती. पळत सुटलेल्या शेजारणीने खिडकीतून तिला शेवटचं पाहिलं ते असं.

काकांनी मला दुसऱ्यांदा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं. मग स्वतःच दारं बडवत धावले. डोंगराकडची आळी जळाली. अकरा माणसं गेली. त्यांत आत्याही.

आता घरं गमावलेली माणसं माझ्याच खाली, सभागृहात सतरंज्यांवर झोपतात. सगळीकडे ओल्या राखेचा वास. भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून काका भात रांधतात, पाणी भरतात. पण त्यांच्या हातून ताट कोणी घेत नाही; दुसऱ्या कोणी वाढलं तरच घेतात. 'भोंगा वाजलाच नाही' असं जो तो म्हणतो. 'ऐकला आणि बसून राहिलो' असं कोणत्या तोंडाने म्हणणार? काकांनी ट्रंक भरली होती. दुसऱ्या दिवशी ते गाव सोडणार होते, आणि मी भंगारात जाणार होतो.

तुरतुरीचा प्रश्न ऐकून काकांनी हातातला भाताचा डाव खाली ठेवला. "वाजला होता, पोरी. तीनदा."

"मग कोणी उठलं का नाही?"

रांगेतून वाणी पुटपुटला, "मी ऐकला होता. हसलो मी."

"तुरतुरे, पुरे झालं. चल इथून," आईबरोबर तिला घरी न्यायला आलेल्या बाबांनी तिचा दंड धरला.

ती हलली नाही. "बाबा, तुम्हीपण ऐकला होता. 'आज पोटात कावळे लवकर ओरडायला लागले' म्हणालात. मी हसले. आपण पानावर बसलो. तेव्हा आत्याकडे धावलो असतो तर..."

बाबांनी दंड सोडला. आई तोंडाला पदर लावून खाली बसली.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, पुसा, रंगवा. पण तेवढ्याने भागत नाही. रोजच्या झालेल्या आवाजालाही एकदा मान वर करून विचारत जा, "काय रे, आज काय झालं?" मी ओरडतच होतो.

तुरतुरीने काकांच्या पट्टी बांधलेल्या हातातून ताट घेतलं आणि सगळ्यांसमोर भाताचा पहिला घास खाल्ला. मग ती वळली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. काका कुठेही जाणार नाहीत, ते मला भोंगा शिकवणार आहेत. शनिवारी आता तीन तुटक आवाज, आणि सलग वाजला की फक्त आग. घरोघर जाऊन सांगणार आहे मी. सुरुवात आपल्या घरापासून."