रविवारचा मंगळवार

“सुटी मिळाली की तिचे तास रविवारी भरून द्यायचे, ब्रिजेटबाई. आमच्या चीनमध्ये सुटी फुकट नसते,” विद्यापीठाच्या कचेरीतल्या फांगबाईंनी पहिल्याच दिवशी हसत बजावलं होतं. माझा वर्ग कधी रिकामा राहणार नाही, असा शब्द मी दिला होता.

शरदातल्या चंद्राच्या सणाला मुलं गावी गेली. सुटीभर माझ्याशी कोणी बोललं नाही. रखवालदाराने दाराला अडकवून ठेवलेला सणाचा गोल केक मी एकटीनेच चहाबरोबर खाल्ला.

इथे जवळपास चर्च नाही, म्हणून रविवारी सकाळी मी खोलीतच जपमाळ घेऊन बसते. माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा नेम. आज निम्मी माळ झाली होती, तेवढ्यात खिडकीखालून वर्गप्रमुख सूयुन ओरडली, “टीचर, झोपलात का? आज मंगळवार आहे! अख्खा वर्ग बसलाय, आम्ही काय भिंतीशी इंग्रजी बोलू?”

सुटीत बुडालेले मंगळवारचे तास आज होते, आणि मी ते साफ विसरले होते.

किती दिवसांनी कोणी मला हाक मारली होती! मी खिडकीतून नुसता हात हलवला, पुस्तकं घेतली आणि उरलेले मणी ओढत मुकाट्याने वर्गाकडे निघाले.