पिवळ्या बलकाचा सरडा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पशुवैद्य बाईंनी माझ्या डाव्या डोळ्यावर विजेरी धरली. मला नुसतं पांढरं दिसलं.

मित्रांनो, मी एक पाळीव सरडा आहे. वय सहा वर्षं. अंड्यातून बाहेर आलो तो काचेच्या पेटीतच. ऊन म्हणजे डोक्यावरचा दिवा, एवढंच मला ठाऊक. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका ताईने मला घरी आणलं. पाला रोज, किडे एक दिवसाआड, असं ती वहीत टिपून ठेवायची.

घरात तिचे आजोबाही होते. डॉक्टरांनी त्यांचा अंड्यातला पिवळा बलक बंद केला होता. ताई दुकानात गेली की ते उकडलेलं अंडं सोलत, पांढरं स्वतः खात आणि पिवळा गोळा चिमट्याने माझ्यापुढे धरत. दोन वर्षं, एकही दिवस चुकला नाही. मी गुटगुटीत झालो. पाहुणे कौतुक करत. मला त्या चिमट्याचा आवाज फार आवडे.

मग पेटीची डावी बाजू धुरकट होऊ लागली. समोर धरलेला किडा मला सापडेना. सावली हलली तरी मी दगडाखाली शिरू लागलो. कोण येतंय, तेच कळत नसे.

"याच्या डोळ्यात चरबी साठलीय. खायला काय देता?" बाईंनी विचारलं.

"सगळं वहीत आहे," ताई म्हणाली.

"यातून एवढं कोलेस्टेरॉल येणार नाही," वही चाळत बाई म्हणाल्या.

सोबत आलेले आजोबा खाकरले. "पिवळं मी देत होतो. चांगलं अन्न फेकायचं कशाला?"

"आजोबा! तुमचं पथ्य याच्या पोटात घातलंत होय?"

"अगं, आवडीने खायचा गं तो..."

बाई म्हणाल्या, "डावा डोळा आता सुधारेल असं वाटत नाही. रक्तवाहिन्यांतही साठलं असेल, तर..." सुई टोचून त्यांनी रक्त काढलं.

मित्रांनो, आम्हाला नको म्हणता येत नाही. प्रेमाने पुढे कराल ते आम्ही गिळतो. म्हणून आधी विचारा, मग भरवा.

रक्ताचा अहवाल गुरुवारी दुपारी दोनला यायचा होता. आज गुरुवार आहे, पावणेचार वाजलेत. फोन आलेला नाही. ताईला सकाळी माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला.