उताणी वाटी

कुन्झेसचं पत्र जवाच्या कापणीत आलं. आता मळणी निम्मी झाली होती, तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

कुन्झेस माझ्या बहिणीची मुलगी. लहानपणी शाळेसाठी ती माझ्याकडे राहिली, आता खिंडीपलीकडे छुकरला नांदते. नवरा उन्हाळाभर रस्त्याच्या कामावर असतो, घर आणि चार झोमो, म्हणजे याक-गाईच्या संकराची दुभती जनावरं, तीच बघते. तिचं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, प्रत्येक ओळ शेवटाकडे वर चढत जाते. लिहिलं होतं:

"आजांग-ले, जुले. यंदा आमचा वरचा झरा आटला. गवत निम्मंच झालं. चारही झोमो दुभत्या आहेत. बर्फ उशिरा पडला तर उतारावर चरून त्या निभावतील. लवकर पडला तर लोसरच्या सणाआधीच गवत संपेल. मळणी आटोपताना खालचा व्यापारी येतो. विकायच्या तर तेव्हाच. तो कापायलाच नेतो, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आभाळ मोजता. बर्फ लवकर का उशिरा, एवढंच कळवा."

उत्तर अडलं होतं ते 'तुम्ही आभाळ मोजता' या तीन शब्दांपाशी.

मी आभाळ मोजत नाही. शाळेच्या आवारात, कुंपणाच्या आत, गुडघ्याएवढ्या ओट्यावर सरकारनं बसवलेला एक पर्जन्यमापक आहे. वर तांब्याचं गोल तोंड, आत बाटली. मी मास्तर होतो तेव्हापासून रोज सकाळी त्यातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून आकडा लिहितो. निवृत्त झालो तरी हे काम माझ्याकडेच राहिलं, कारण नव्या मास्तरांना थंडीत लवकर उठवत नाही. आमच्या भागात हे काम म्हणजे बहुतेक शून्य लिहिणं. रेडिओवर साऱ्या लडाखसाठी एक वाक्य सांगतात, काही ठिकाणी हलका पाऊस, उंचावर बर्फ. आमचं गाव त्या 'काही ठिकाणी'त आहे की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण इतकी वर्षं शून्यं लिहिताना मला एक वाटू लागलं होतं. ज्या शरदात ऐन मळणीत पाऊस पडतो, त्या साली खिंडीवर बर्फ लवकर येतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त एकदा, कुन्झेस लोसरला आली असताना, चहा पिता पिता तिला सांगून गेलो. तिनं ते लक्षात ठेवलं असावं.

यंदा मळणी लागली आणि एका सकाळी बाटलीत पाणी होतं. दोन मिलिमीटर.

आभाळ पुसून काढल्यासारखं निळं होतं. मला आधी आनंद झाला, मग आनंद झाल्याचा संकोच वाटला, मग शंका आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, या वेळी तीन. मोजपात्र उजेडात धरलं तर पाणी किंचित पिवळसर दिसत होतं.

शाळेच्या खालीच मुतुपचं खळं. मुतुप माझा शेजारी आणि माझा एके काळचा सर्वांत वाईट विद्यार्थी. तिवड्याच्या खांबाभोवती त्याचे झो, म्हणजे झोमोंचे नर, आणि गाई फिरत होत्या आणि तो त्यांच्यामागून गाणं म्हणत चालला होता.

"मुतुप," मी विचारलं, "रात्री पाऊस पडला का?"

"पाऊस?" त्यानं ओंजळभर जव उचलून माझ्या कानाशी हलवला. "ऐका, मास्तर-ले. हा भिजलेला आवाज आहे?"

"पण पर्जन्यमापकात पाणी आहे."

"किती?"

"तीन मिलिमीटर. पिवळसर. चव घेऊन पाहावी म्हणतो."

"घेऊ नका," मुतुप गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "माझा एक झो रात्री सुटला होता."

मी वास घेतला. तसला वास नव्हता. उलट चांगला, ओळखीचा वाटणारा काहीतरी वास होता, पण नाव आठवेना. घरी जाऊन पुस्तकं काढली. दव म्हणावं, तर आमच्या हवेत दव पडल्याचं मला आठवत नाही. एकच लहानसा ढग शाळेपुरता येऊन गेला, असं होऊ शकतं का? होऊ शकतं, असं एका पुस्तकावरून वाटलं. दुसऱ्या एका पुस्तकात सापडलं की दूरच्या वाळवंटातली धूळ वाऱ्यानं उंच चढते आणि हजार कोसांवर पावसातून खाली उतरते. पाणी पिवळं का, ते मला समजलं. इतकं नीट समजलं की दुपारी मी कुन्झेसला उत्तर लिहून टाकलं. मळणीत पाऊस झाला आहे, त्यात दूरची धूळ आहे, म्हणजे वरचा वारा फिरला आहे. बर्फ लवकर येईल. झोमो विकून टाक.

पाकीट बंद केलं, खिशात घातलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी टपालपेटीकडे निघालो. पेटी खाली बसच्या थांब्यावर आहे. बस सकाळी येते, तेव्हा उघडतात.

मुतुप उफणायच्या तयारीत होता. वारा पडला होता. तो आणि त्याची बायको फावडी टेकवून बसले होते आणि वाऱ्यासाठी शीळ घालत होते.

"कुठं निघालात, मास्तर-ले? गवत विकायला? धाब्यावर एवढा लसूणघास रचून ठेवलाय. एक म्हातारी गाय तुमची. ती खाणार किती? का तुम्ही तो वाचणार आहात?"

"पत्र टाकायला चाललोय. कुन्झेसला. झोमो विक म्हणून."

मुतुपची शीळ थांबली. "चारही?"

"बर्फ लवकर येणार आहे."

"कशावरून?"

"मळणीत पाऊस पडला त्यावरून."

तो पायाखालच्या जवाकडे बघत राहिला. त्याची बायको मात्र म्हणाली, "मास्तर-ले, असा कसा हो पाऊस? शाळेत पडतो आणि खळ्यात पडत नाही. शिकलेलाच पाऊस दिसतोय."

दोघं हसली. मीही हसलो, पण पाय पुढे जाईना. पत्र टाकायला संध्याकाळपर्यंत वेळ होता. तेवढ्यात बाटलीला तडा नाही ना, आजूबाजूची जमीन ओली आहे का, हे एकदा नीट पाहून यावं असं वाटलं. मी शाळेकडे वळलो.

शाळा सुटली होती. पर्जन्यमापक तपासला. बाटली धड होती, सकाळी रिकामी केली तशी कोरडी. कुंपणाच्या आत मात्र एका कोपऱ्यात माती ओलसर होती. मी भिंतीच्या सावलीत बसून त्या ओल्या मातीकडे बघत राहिलो.

ऊन समोरच्या कड्यावर चढू लागलं, तेव्हा कुंपणाचं फाटक वाजलं. आबी यांग्सकित आत आली. वय झाल्यावर मुलाकडे मोठं घर सोपवून ती शाळेमागच्या लहान घरात राहायला आली आहे. हातात तबक, तबकात देवापुढच्या सात पितळी वाट्या. एकेक वाटी तिनं त्या कोपऱ्यात ओतली, पुसली, पालथी घातली. सातवी वाटी घेऊन ती ओट्याशी गेली, काहीतरी पुटपुटली आणि ती सावकाश पर्जन्यमापकात ओतली.

"आबी-ले!"

"कोण? नोनो, तू? असा चोरासारखा काय बसलायस?" मी सत्तरीचा आहे, पण तिच्या लेखी धाकटा भाऊच.

"हे काय करताय?"

"काय करतेय म्हणजे? देवाचं पाणी आहे. एरवी वाळुंजाच्या झाडाखाली ओतते. आता मळणीला मुतुपनं तिथं सगळी जनावरं बांधलीत. शेणात ओतू? गावात पाय न लागणारी एवढीच जागा आहे. शेळी शिरत नाही, पोरं शिरत नाहीत. तू तेवढा सकाळी येऊन वाकून जातोस."

"मी मोजायला वाकतो."

"वाकतोस ना? मग झालं."

"पण या भांड्यात का ओतता?"

तिनं तबक खाली ठेवलं. "बरं झालं तूच विषय काढलास. इतकी वर्षं शाळा शिकवलीस. रिकामी वाटी उताणी ठेवू नये, एवढं तुला कुणी सांगितलं नाही? ही बारा महिने तोंड वासून बसलीय. मी पालथी घालायला गेले, तर जागची हलेना. खिळवून ठेवलीय मेली. मग म्हटलं, निदान चार थेंब तरी असू देत तिच्यात. पण कितीही ओतलं तरी पिऊन टाकते. मोठी तहानलेली आहे हो तुझी वाटी."

"त्या पाण्यात काही घालता का?"

"चिमटीभर केशर. यंदाच मुलानं आणून दिलं. का रे?"

केशर. हजार कोसांवरचं वाळवंट माझ्या डोळ्यांसमोरून नाहीसं झालं.

"ती रिकामीच ठेवायची असते, आबी-ले. आभाळानं भरावी म्हणून."

"आणि आभाळ विसरलं तर?"

"तर मी शून्य लिहितो."

ती माझ्याकडे बघू लागली. रागानं नाही, आजारी माणसाकडे बघावं तशी. "एवढंच काम आहे होय रे तुझं?"

ती इथं राहायला आल्यापासून दर मळणीला असंच चाललं होतं, हेही तिनंच सांगितलं. घरी येऊन जुने आकडे पाहिले. माझ्या अनुमानाला ज्या सालांनी सर्वांत भक्कम आधार दिला होता, ती सगळी तिच्या या घरात आल्यानंतरची. त्यांच्याआधीची सालं पाहिली तर कधी पाऊस पडून बर्फ लवकर आला होता, कधी पाऊस पडून उशिरा, आणि कधी पावसाशिवायच. बाकी जे होतं ते माझ्या मनात होतं.

खिशातलं पाकीट काढून चुलीत घातलं. आपण हे पेटीत टाकलं असतं तर, हा विचार मी पुरा केला नाही. मग नवं पत्र लिहायला बसलो. 'बर्फाबद्दल निश्चित सांगता येत नाही' असं लिहिलं. ते खरं होतं, पण रेडिओसारखंच होतं. त्या वाक्याचं कुन्झेस काय करणार? व्यापारी दारात उभा असणार आणि गवत निम्मंच असणार. ते फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात अर्धं पान माझ्या चुकीबद्दल होतं. तेही फाडलं. उजेड कमी झाला म्हणून बाहेर आलो आणि सवयीनं आभाळ बघायला मान वर केली. आभाळाआधी माझ्याच धाब्याच्या कडेवरून लोंबणारा लसूणघास दिसला. मुतुप वेगळं काही म्हणत नव्हता. गाय एक, आणि घास हा एवढा.

तिसरं पत्र लिहायला वेळ लागला नाही.

"कुन्झेस, बर्फ लवकर येईल का उशिरा, मला माहीत नाही. मळणीतल्या पावसाबद्दल मी बोललो होतो ते विसरून जा. त्यातला बराचसा पाऊस आबी यांग्सकितचा होता, भेटल्यावर सांगेन. व्यापाऱ्याला माघारी पाठव. माझ्याकडे दोन झोमोंपुरता घास आहे. ज्या चालायला बऱ्या आहेत त्या दोन इकडे घेऊन ये. उरलेल्या दोघींना तुझं गवत पुरेल, बर्फ केव्हाही पडो. दूध काढायला मला येत नाही, ते मुतुपची बायको बघेल, तिला अजून विचारलेलं नाही. खिंड कधी बंद होईल तेही मला सांगता येत नाही, म्हणून पत्र मिळेल त्याच दिवशी नीघ."

सकाळी पर्जन्यमापकात दोन मिलिमीटर पाणी होतं. मी शून्य लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'देवापुढचं पाणी' असं लिहिलं. कार्यालयात ते वाचून काय समजतील, समजोत.

खळ्यावर मुतुपचा जव अजून तसाच पडून होता.

"टाकलं का पत्र?" त्यानं विचारलं.

"हे दुसरं आहे. दोन झोमो माझ्याकडे येणार आहेत. दूध तुझ्या बायकोनं काढायचं आहे."

"निम्मं आमचं," खळ्याच्या दुसऱ्या टोकावरून ती ओरडली.

"बर्फाचं काय मग?" मुतुप म्हणाला.

"माहीत नाही."

"आणि वाऱ्याचं?"

"तेही नाही."

"मग नुसते उभे काय राहता? शीळ तरी घाला."

मला शीळ धड येत नाही, दात पडल्यापासून तर नाहीच. तरी घातली. जी काही हवा निघाली तिला दोघं पोट धरून हसली. मग तीही दोघं शीळ घालू लागली. खिंडीच्या बाजूला एक पांढुरका पट्टा होता. ढग असेल, उडालेली धूळ असेल. मी त्याच्याकडे पाहिलं आणि चालू लागलो, कारण वळणावर बसचा भोंगा वाजला होता.

पेटीपाशी पोचलो तेव्हा कंडक्टर किल्ली लावत होता. पत्र त्याच्या हातात देता आलं असतं. मी त्याला थांबवलं, पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पत्र वरच्या फटीतून आत टाकलं.