चौकोनाबाहेरचा चेंडू

आमच्या घरात कप टिकत नसत. टेबलावरून काही घसरले की माझा भाऊ गॉटलोब ते हाताने पकडायचा नाही, चटकन गुडघे फाकवायचा. कप त्या दोन गुडघ्यांमधून सरळ फरशीवर जायचा. मग तो माझ्याकडे असा बघायचा, जणू कपानेच काहीतरी चूक केली.

जर्मनीतल्या या आमच्या फोर्त्सहाइम गावात बहुतेक घरांत हेच. इथे अर्धे गाव सोन्याचे काम करते. कारखान्यातल्या टेबलाला प्रत्येकाच्या पोटाशी अर्धगोल खाच असते आणि त्या खाचेखाली, मांड्यांवर, चामडे लटकवलेले असते. कानशीचा कीस, निसटलेली कडी, तापलेली अंगठी, सगळे त्यात पडते. पडत्या वस्तूवर हाताने झडप घातली तर बोटे भाजतात, नाहीतर कानस बोचते. म्हणून काही निसटताना दिसले की शेजारचा ओरडतो, "चामडं!" आणि सगळी रांग हात जागच्या जागी ठेवून गुडघे उघडते, म्हणजे चामडे पसरते. कोणाचे पडले ते कोणी विचारत बसत नाही.

असा हा माणूस रविवारी एन्झ नदीकाठच्या कुरणावर गोलसमोर उभा राहिला की त्याचे हात दिसेल त्याच्या मागे धावत. आठवडाभर आवरून धरलेले सगळे तिथे सुटे होत असावे. तो गोलकीपर झाला तो योगायोगाने. क्लबच्या पहिल्या गोलकीपरचे लग्न ठरले आणि मुलीचा बाप निघाला व्यायामशाळेचा कट्टर सभासद. ही मंडळी फुटबॉलला इंग्रजी रोग म्हणतात. जावयाला मुलगी हवी की चेंडू, असे त्यांनी विचारले. त्याने मुलगी निवडली आणि गॉटलोबने त्याची टोपी.

तेव्हा गोलकीपरला मैदानाच्या आपल्या अख्ख्या अर्ध्या भागात चेंडूला हात लावता येत असे. चेंडू घेऊन नुसते पळत सुटायचे नाही, तळहातावर उडवत किंवा जमिनीवर आपटत पुढे जायचे, एवढीच अट. गॉटलोबने यातच नाव काढले. चेंडू उडवत तो जवळपास मध्यरेषेपर्यंत यायचा आणि तिथून असा फेकायचा की समोरच्या संघाला मागे वळून पळावे लागे. श्टुटगार्टची माणसे त्याला बघायला आगगाडीने आली होती. सोमवारी कारखान्यात पुन्हा पाठ वाकवून साखळ्या जोडताना मात्र तो यातले अवाक्षर काढत नसे.

एकोणीसशे बारा सालच्या उन्हाळ्यात नियम बदलला. गोलकीपरने हात वापरायचे ते फक्त गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात. चौकोनाबाहेर तो इतरांसारखाच.

गॉटलोबने नियम नीट वाचला, मलाही वाचून दाखवला, बरोबरच आहे म्हणाला. मग हंगामाच्या पहिल्या सामन्यात तो चौकोनाच्या पुष्कळ बाहेर धावत गेला आणि त्याने उंच आलेला चेंडू दोन्ही हातांनी सुरेख झेलला. पंचाने शिट्टी वाजवली. गॉटलोबने इकडेतिकडे पाहिले, कोणाचे काय चुकले म्हणून. त्या फ्री किकवर गोल झाला. पुढच्या सामन्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच.

कप्तान ओस्कार ब्रिट्श आमच्या घरी आला. तो बचावाला खेळायचा, गॉटलोबचा शाळेपासूनचा मित्र, दुसऱ्या एका कारखान्यात खडे बसवायचा. त्याने आधी बटाट्याचे सॅलड खाल्ले, दुसऱ्यांदा वाढून घेतले, आणि मगच बोलला. कार्ल्सरूच्या संघाशी येत्या रविवारी सामना होता. त्यात पुन्हा चौकोनाबाहेर हात लागला तर तो स्वतः गोलमध्ये उभा राहणार होता आणि गॉटलोबचे गोलरक्षण तिथेच संपणार होते.

"मी तुला कडेला खेळवीन," ब्रिट्श म्हणाला.

"कडेला मी काय करू?"

"सगळे करतात तेच. धावायचं."

गॉटलोब हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. गोलशिवाय त्याचा रविवार कसा असेल हे मला दिसत होते. साखळ्या, मग साखळ्या, मग पुन्हा साखळ्या.

मी मुलींच्या शाळेत गणित आणि निसर्गशास्त्र शिकवते. मला वाटले, यात त्याचा हट्ट नाही, आळसही नाही. धावताना त्याचे डोळे चेंडूवर असतात, म्हणून फक्कीची रेषा त्याला दिसतच नाही. डोळे गुंतलेले असतील तर खूण कानांतून द्यायला हवी. रेषा ओलांडताना कोणीतरी ओरडावे, असे मी सुचवले.

"काय ओरडायचं, मास्तरीणबाई?" गॉटलोबने विचारले. मला चिडवायचे असले की तो असे म्हणतो.

मी म्हटले, तुझे हात ज्या शब्दाला थांबतात तो शब्द. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकदमच म्हणाले, चामडं. ब्रिट्शला ते इतके आवडले की त्याने टेबलावर मूठ आपटली. समोर कार्ल्सरूची ऑफिसातली आणि कॉलेजातली पोरे असणार, त्यांना यातले काही कळणार नव्हते.

बुधवारी संध्याकाळी कुरणावर त्यांनी सराव केला. ब्रिट्श चेंडू टाकायचा आणि गॉटलोब रेषेवर आला की म्हणायचा, "चामडं." गॉटलोबचे हात छातीशी थांबायचे. एकदाही चूक झाली नाही. आम्ही तिघे खुशीत घरी आलो.

रविवारी चांगले ऊन होते. दोरीच्या बाजूने नेहमीचे लोक उभे होते आणि त्यांच्यात एक कधी न दिसणारा माणूसही होता, मास्टर किनले. गॉटलोबच्या टेबलाची रांग त्यांच्या हाताखाली होती, आणि गॉटलोब शिकाऊ म्हणून लागला तेव्हापासून ते त्याच्या डाव्या हाताला बसत. ते व्यायामशाळेचे. चामड्याच्या फुग्यामागे धावणारी मोठी माणसे बघायला आपण कधीही येणार नाही, असे ते दर सोमवारी सांगत. पण आपल्या रांगेतला शब्द मैदानावर चालणार असल्याचे त्यांच्या कानावर गेले होते.

"मी खेळ बघायला आलेलो नाही," त्यांनी मला बजावले. "पोराला गरज पडली तर असावं कोणीतरी."

खेळ सुरू झाल्यावर बराच वेळ चेंडू दुसऱ्याच टोकाला होता. मग कार्ल्सरूच्या एकाने लांब चेंडू टाकला. तो ब्रिट्शच्या डोक्यावरून गेला आणि टप्पे घेत चौकोनाकडे येऊ लागला. गॉटलोब बाहेर धावला. रेषेवर आला. ब्रिट्श काही बोलणार तेवढ्यात माझ्या कानाशी मास्टर किनले सगळ्या ताकदीने ओरडले.

"चामडं!"

गॉटलोबचे हात थांबले. आणि त्याचे गुडघे उघडले.

चेंडू त्या गुडघ्यांमधून गेला, चौकोनातून सावकाश घरंगळला आणि रिकाम्या गोलमध्ये जाऊन थांबला.

ब्रिट्शच्या तोंडून तो शब्द बुधवारी नुसता मैदानावरचा शब्द होता, त्याने फक्त हात थांबले. किनल्यांच्या तोंडून तो रोजचा होता. मी हातांचा विचार केला होता, गुडघ्यांचा केला नव्हता. आणि एकट्या गॉटलोबचेच काय, दोरीलगतची सगळी माणसे गुडघे फाकवून किंचित खाली बसली होती. आपण काय केले हे ध्यानात येताच ती एकेक करत सरळ झाली. मग जे हसू सुरू झाले ते थांबेना. कार्ल्सरूचे खेळाडू आनंद करायचे विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. मास्टर किनले तेवढे हसले नाहीत. त्यांनी हॅट काढली आणि ती हातात फिरवत राहिले.

मध्यंतराला ब्रिट्श तरातरा आला. त्याने गॉटलोबच्या डोक्यावरची टोपी काढून घेण्यासाठी हात पुढे केला.

"हात लावला नाही मी," गॉटलोब म्हणाला.

"लावला असतास तर बरं झालं असतं. फ्री किकला निदान भिंत तरी उभी करता येते. दे टोपी."

"मास्टरांना विचारायचंय काहीतरी. मग देतो."

किनले दोरीशीच होते. ते माफी मागू लागले. त्यांना त्याची सवय नव्हती, त्यामुळे वाक्य पुरे होईना. गॉटलोबने त्यांना थांबवले आणि विचारले, कडी चामड्यातून उसळून फरशीवर घरंगळत निघाली तर तुम्ही काय ओरडता?

"जमीन," किनले म्हणाले. "आणि काय ओरडणार?"

"आणि मी काय करतो?"

म्हाताऱ्याने विचार केला. दोन्ही हातांत अवजारे असतात, खाली वाकले तर डोकी आपटतात आणि टेबल हलते. ज्याच्या जवळून जाईल त्याने बुटाची कड आडवी लावायची, एवढेच. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"माझ्या गोलमागे उभे राहा," गॉटलोब म्हणाला. "आणि कारखान्यात ओरडता तसंच ओरडा. सभ्यपणे नको."

ब्रिट्शचा हात अजून पुढेच होता. त्याने तो खिशात घातला. "एकदाच," तो म्हणाला. "एकदा बघतो, मग मी आहेच."

मध्यंतरानंतर मी किनल्यांबरोबर गोलमागे गेले. गोलच्या खांबाला हात टेकवून ते चेंडूकडे असे बघत होते, जसे रांगेत बसून एखाद्या नवशिक्याच्या चिमट्याकडे बघत असतील. कार्ल्सरूचा उजव्या कडेचा खेळाडू फार चपळ होता. तो ब्रिट्शला चुकवून निघाला, चेंडू जरासा लांब पडला आणि गॉटलोब पुन्हा बाहेर धावला. हात पुढे आलेच होते.

"जमीन!"

तो आवाज ऐकून मीसुद्धा दचकले. गॉटलोबचे दोन्ही हात खांद्यापर्यंत वर गेले, एकात कानस आणि दुसऱ्यात चिमटा असल्यासारखे, आणि उजवा पाय आडवा झाला. चेंडू बुटाच्या कडेवर आपटून दोरीपलीकडे गेला. दोरीजवळच्या कितीतरी जणांचे उजवे पायही आडवे झाले होते, पण या वेळी कोणाचेच काही बिघडले नाही.

पंचाने गॉटलोबच्या हवेतल्या हातांकडे संशयाने पाहिले. शिट्टी मात्र वाजली नाही.

पुढे दोनदा असेच झाले. एकदा तर चेंडू सरळ ब्रिट्शच्या पायाशी गेला. तो मुद्दाम दिला असे गॉटलोब नंतर म्हणाला, पण त्याचा चेहरा मी पाहिला होता. शेवटी कॉर्नर किकवर आमच्यातल्या एकाने डोक्याने गोल केला आणि बरोबरी झाली.

खाणावळीच्या अंगणात मोठ्या टपात सगळे हातपाय धूत होते. ब्रिट्श गॉटलोबशेजारी येऊन उभा राहिला आणि हात चोळू लागला. मग म्हणाला, पुढच्या रविवारी बाहेरगावी जायचे आहे, सकाळची गाडी, उशीर करू नकोस.

"कडेला खेळायला?" गॉटलोबने विचारले.

"कडेला तू? तुला धावता कुठं येतं."

तेवढ्यावर तो विषय संपला. मास्टर किनल्यांना कोणीतरी बिअर दिली. त्यांनी ती घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, की हा खेळ मूर्खपणाचाच आहे, यात कसरत नाही, डौल नाही. मग बाहेरगावच्या गाडीची वेळ त्यांनी मला हळूच विचारली. जाताना ते गॉटलोबला म्हणाले, "उद्या माझी एखादी अंगठी लाथाडलीस तर बघ."

सोमवारी संध्याकाळी गॉटलोब लंगडत घरी आला. इतकी वर्षे चेंडूला लाथ मारायची वेळ क्वचितच यायची, म्हणून तो जुने कामाचे बूट घालूनच खेळत असे. उजव्या पायाचा अंगठा सुजला होता. मी गरम पाण्यात मीठ घालून दिले. पाय बुडवून तो म्हणाला, की खरे सांगायचे तर लाथ मारायला तो कधी शिकलाच नाही. जमेल का या वयात?

न जमण्याचे काही कारण मला दिसत नव्हते. पाय पुसून झाल्यावर आम्ही कुरणावर गेलो. उजेड अजून पुष्कळ होता. मी चेंडू घरंगळत द्यायची आणि तो डाव्या पायाने मारायचा, कारण उजवा दुखत होता. पहिला गाईंमध्ये गेला. दुसरा एन्झमध्ये पडला आणि तो बूट काढून, हसत, गुडघाभर पाण्यात उतरला.