दुधीला गोवर

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत पंधरवडाभर कुणी फोडणी दिली नव्हती. तळमजल्यावरच्या आर्यनच्या अंगावर गोवर उठला आणि पार्किंगमध्ये शीतलानंद महाराज अवतरले. "देवी आलीय. जिरं तडतडलं की चवताळणार!" झालं, तिन्ही विंगा बिनफोडणीचं वरण गिळू लागल्या आणि सेक्रेटरी आनंदराव दारोदारी वास घेत हिंडू लागले.

रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये ही गर्दी. महाराज म्हणे गोवर ओढून काढत. पोराच्या दुपट्यावर हळद चोळायची, डोळे मिटून पुटपुटायचं, वरून तीर्थ शिंपडायचं, की लालभडक ठिपके! "निघाला, निघाला!" अशी आरोळी उठे.

"असे हजारो गोवर पचवलेत," महाराज काळेभोर केस मागे सारत सांगत. "म्हणून तर एकशे अठरा वर्षांचा असून असा दिसतो." मग कट्ट्यावरचे आजोबा लोक रांग लावून दुपट्यावरून निथळलेलं लाल पाणी टकलावर चोळून घेत.

आर्यन मात्र बरा झाला नाही. धाप लागली, न्यूमोनिया झाला, इस्पितळात ठेवावं लागलं. महाराज शांतपणे म्हणाले, "कुणीतरी पापड तळला."

ते ऐकून वरच्या मजल्यावरच्या नीलाताई तडक घरी आल्या. घरात नऊ महिन्यांची नात, कादंबरी. तिची गोवराची लस उद्या होती आणि मुलगा केदार अडून बसलेला.

"लस टोचली की देवी कोपते म्हणतात, आई. रिस्क कशाला? महाराजांकडून झाडून घेऊ."

"झाडून? पोर आहे की जाजम?" सून कल्पिता कडाडली. "आई, तुम्ही तरी सांगा ना याला!"

नीलाताई मुळात हळू बोलणाऱ्या. सोमवार, चतुर्थी, कधी चुकवली नाही. तेव्हा त्या महाराजांच्याच बाजूच्या, असं सगळ्यांनी धरलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी मी नेते."

कल्पिताचं तोंडच उतरलं.

संध्याकाळी टोपडं घातलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं नीलाताईंनी महाराजांपुढे धरलं. "तोंडावरचं दुपटं काढू नका हं, दृष्ट लागते."

महाराजांनी नुसता हात टेकवला नि झटका बसल्यागत मागे घेतला. "अंग पोळतंय! उद्या आणली असती तर हाताबाहेर गेली असती!" हळद झाली, तीर्थ झालं. लाल ठिपके! आरोळी!

"आता हिला जन्मात गोवर नाही. सुई नको, लस नको."

नीलाताईंनी दुपटं सोडलं. आत हिरवागार दुधी होता, संकष्टीच्या हलव्यासाठी आणलेला.

आनंदरावांचा आवाज चिरकला, "दुधीला... गोवर?"

"चैतन्य भाजीतही असतं!" महाराज गरजले.

"मग याला फोडणी द्यायची की नाही?" कल्पिताने विचारलं आणि पार्किंगभर हशा पिकला.

नीलाताईंनी शेजारच्या ठमाबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना मागून घेतला, पाण्यात कालवला. स्वतःच्या पदराला हळद लावली आणि वर चार थेंब सोडले. पदर लाल झाला.

"हळदीला चुन्याचं पाणी लागलं की ती लाल होते. घरी कुंकू करताना मी अशीच करते. यांच्या तीर्थात चुन्याची निवळी आहे, देवी नाही."

महाराज ठमाबाईंकडे वळले. "आजी, तुम्ही तरी यांना समजवा..."

"मी ब्याऐंशीची, तू एकशे अठराचा. मी तुझी आजी कशी रे, मेल्या?"

लालटकले आजोबा काठ्या सरसावून उठले, तसे महाराज सपाता टाकून रिक्षात शिरले.

सकाळी लसीकरणाला केदार स्वतः कादंबरीला घेऊन आला. कट्ट्यावरच्या आजोबांनी तिथेही डॉक्टर अमृतांना घेरलं. "मग म्हातारपण बरं जायला करायचं तरी काय हो?"

"रोज चाला. तंबाखू सोडा. बेताचं जेवा, नीट झोपा, चार माणसांत बसा. आणि तुमच्या वयालाही काही लसी असतात, त्या विचारून घ्या. टक्कल तसंच राहील." मग त्या आयांकडे वळल्या. "गोवर खोकल्या-शिंकांतून पसरतो, फोडणीच्या वासाने नाही. आजारी मुलं त्या गर्दीत नेलीत, तिथेच त्याला आयती वाट मिळाली. लशीचे दोन्ही डोस चुकवू नका."

सुई टोचली. कादंबरीने भोकाड पसरलं. केदारने तिला छातीशी घट्ट धरलं आणि खालमानेने म्हणाला, "आर्यनला दिली असती तर..."

नीलाताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग बाहेर घुटमळणाऱ्या बायकांना त्या म्हणाल्या, "अगं, मीही देवीपुढे रोज दिवा लावते. तिनेच दिलेली अक्कल वापरली तर ती कशाला कोपेल? लस राहिलेलं पोर घरात असेल तर आत्ता घेऊन या. नवस मागाहून फेडा. देव थांबतो, गोवर थांबत नाही."